पाण्याच्या बाटलीतला सूर

“डोळे मिटा आणि सांगा, तुम्हाला कुठं जायचंय?” मुजावर मॅडम म्हणाल्या.

“आजऱ्याला. सव्वापाचची गाडी हाय,” मी म्हणालो.

माझ्या बायकोने, अनसाने, माझ्या गुडघ्यावर चापट मारली. मॅडम हसल्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांची सडसडीत मुलगी, पण बोलणं असं की समोरच्याला आपोआप ताठ बसावंसं वाटावं. कोल्हापूरच्या त्या इस्पितळात हृदयाच्या पेशंटांना श्वासाचा आणि चालण्याचा व्यायाम शिकवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. माझ्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती, ती बदलायची होती, आणि ऑपरेशनला एकवीस दिवस उरले होते. मी तेव्हा बावन्न वर्षांचा. गावात रवळनाथाच्या देवळात सनई वाजवणारा गुरव, आणि त्याच देवळाच्या नऊ पायऱ्या चढताना तीनदा बसणारा.

“गाडीचं नाही विचारत मी, काका. मनातली एक जागा शोधा, जिथं गेल्यावर तुम्हाला शांत वाटतं. भूल देताना तिथं जायचं. आजपासून रोज जायची सवय ठेवली, तर त्या दिवशी रस्ता शोधत बसावं लागणार नाही.”

“आन् परत यायचा रस्ता?” अनसाने विचारलं.

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तोही शिकवते. तो श्वासाचा आहे.”

माझ्या मनात एकच प्रश्न होता. तो विचारायला मी सकाळपासून धीर गोळा करत होतो. “मॅडम, मी परत वाजवीन का?”

“झडप डॉक्टर बदलतील. छातीचं हाड मधोमध उघडून परत तारेनं बांधतील. त्यानंतर फुप्फुसं पुन्हा किती उघडायची, ते तुमच्यावर. दुखतं म्हणून लोक वरवरचा श्वास घेतात आणि मग खालचा भाग मिटून जातो. तो मिटला नाही तर वाजवाल.”

एवढं ऐकल्यावर मला वाटलं, मग तर काम झालं. आयुष्यभर श्वासाचीच भाकरी खाल्ली होती मी.

निघताना मॅडमनी विचारलं, “घरात काही औषधं, काढे? जे जे पोटात जातं ते सगळं सांगा.”

“औषीद काय न्हाई,” अनसा म्हणाली. मग जरा थांबून, “लसणीचं दूध तेवढं देते सकाळचं. ताकद यायला. पाच पाकळ्या.”

“रोज?”

“तीन महिनं झालं.”

मॅडमनी ते कागदावर लिहिलं आणि आत डॉक्टरांना विचारून आल्या. लसूण भाजीत चालेल, पण अशी औषधासारखी आता नको, रक्त थांबायला वेळ लागतो, असा निरोप आला. अनसाला ते लागलं. गाडीत गडहिंग्लज येईपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, “दूध कवापासनं औषीद झालं?” पण दुसऱ्या दिवसापासून बंद म्हणजे बंद. तिचं असंच. भांडायचं असेल ते रस्त्यात भांडून घेते, उंबऱ्याच्या आत आलं की कामाला लागते.

त्या एकवीस दिवसांत तिने मला नवरदेवासारखं सांभाळलं. तंबाखूची पिशवी पहिल्याच संध्याकाळी चुलीत गेली. सकाळी घनसाळ तांदळाची पेज आणि मुगाचं वरण. त्या पेजेचा वास घरभर असा पसरायचा की शेजारणी काहीतरी मागायच्या निमित्ताने डोकावून जायच्या. दुपारी पायाला खोबरेल. छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं कसं, हे मॅडमनी दाखवलेलं ती मला रोज करायला लावायची, आणि मी खोटं खोटं खोकलो की म्हणायची, “ह्यो खोकला न्हवं, ह्यो नखरा.” आणि उन्हं उतरली की आम्ही दोघं नदीकाठाने हळूहळू चालत जायचो, पहिल्या दिवशी आंब्यापर्यंत, मग विहिरीपर्यंत, मग पार कोंडीच्या डोहापर्यंत.

जागा मला तिथेच सापडली. कोंडीच्या वरच्या अंगाला हिरण्यकेशीच्या पात्रात एक काळा दगड आहे, पाठ टेकावी एवढा रुंद. दिवसभराच्या उन्हाने तो संध्याकाळपर्यंत कोमट राहतो. त्यावर पडलं की कानाच्या दोन्ही बाजूंनी पाणी जातं. मी डोळे मिटायचो, हात पोटावर ठेवायचो, पोट वर येताना चार मोजायचे, खाली जाताना सहा. चार-पाच दिवसांनी मोजणं आपोआप गळून पडलं. पाणी, दगडाची ऊब, पापणीवरची तांबूस उन्हं, आणि कुठूनतरी काजूच्या मोहराचा वास. आपल्याला अंग आहे हेच विसरायला व्हायचं. एकदा मला वाटलं, मी सनई आहे आणि कुणीतरी फार सावकाश मला फुंकतंय. उठून अनसाला सांगितलं तर ती म्हणाली, “आदी उठा, पाठ भिजली.”

ऑपरेशनच्या सकाळी भूलवाल्या डॉक्टरांनी नाकावर मास्क धरला तेव्हा मी दगडावर आधीच जाऊन पडलो होतो. भीती वाटलीच नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. दिवा पांढरा होता तो तांबूस झाला. पाणी दोन्ही कानांशी आलं. कुणीतरी म्हणालं, “दहापासून उलटे मोजा,” आणि मी त्याला म्हणणार होतो की आमच्याकडे मोजत नाहीत, पण तोवर पाण्याने तोंड धरलं.

परत आलो तो मोठ्या धुक्यातून. घशात नळी, हातात सुया, छातीवर कुणी उखळ ठेवल्यासारखं वजन. दोन दिवस आयसीयूत कुठला दिवस नि कुठली वेळ काही कळलं नाही. नळी काढली, झडप नीट चालते आहे असं मोठे डॉक्टर म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी मला वॉर्डात आणलं. खिडकीजवळची खाट. शेजारी निपाणीकडचे कडोलकर मास्तर, माझ्या आधी पाच दिवस बायपास झालेले, बोलायला आसुसलेले.

त्याच दुपारी मुजावर मॅडम एक प्लॅस्टिकची बाटली घेऊन आल्या. चार बोटं पाणी आणि त्यात बुडवलेली रबरी नळी.

“काका, पोटापर्यंत खोल श्वास घ्यायचा. तीनपर्यंत धरायचा. मग नळीतून हळूहळू बुडबुडे सोडायचे. थांबायचं. परत. असे दहा, दर तासाला.”

मला हसू आलं, आणि हसण्याने छातीत कळ आली. ही बाटली मला शिकवणार! मी सात वर्षांचा असताना वडिलांनी पितळी तांब्यात पपईच्या पानाचा पोकळ देठ बुडवून माझ्या तोंडात दिला होता. सनईवाल्याचं पहिलं शिक्षण तेच. गाल फुगवून त्यात हवा साठवायची, गालातली हवा बाहेर ढकलताना नाकाने चोरटा श्वास आत घ्यायचा, आणि तांब्यातले बुडबुडे क्षणभरही थांबू द्यायचे नाहीत. थांबले की डोक्यात टोला. कारण आमच्या घराण्याचा नेमच तसा होता. दसऱ्याला रवळनाथाची पालखी देवळाभोवती पाच फेऱ्या घेते. त्या पाच फेऱ्या संपेपर्यंत सनईचा सूर तुटायचा नाही. आजोबांचा तुटला नाही, वडिलांचा तुटला नाही, आणि तीस वर्षं माझाही तुटला नव्हता.

मॅडम समोर होत्या तेव्हा मी त्यांनी सांगितलं तसा एक श्वास घेतला. आई गं! हाडाच्या दोन फाळ्या तारेसकट उसवतायत असं वाटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. कसेबसे चार घेतले. “छान,” म्हणून त्या दुसऱ्या खाटेकडे वळल्या.

पाचव्या श्वासाला माझे गाल आपोआप फुगले.

बुडबुडे सुरू झाले आणि थांबेनात. अर्धा मिनिट, एक मिनिट. दुखणं अजिबात नाही. छाती हलतच नव्हती, सगळा कारभार गालात आणि नाकात. कडोलकर मास्तर उठून बसले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ धरलं. “तीन मिनिटं! अहो गुरव, हे काय अजब!” पलीकडच्या खाटांवरून माना वळल्या. नर्सबाई औषधाचा ट्रे तसाच हातात धरून थांबल्या. त्या वॉर्डात कित्येक दिवस कुणी कण्हण्याखेरीज दुसरं काही ऐकलं नव्हतं, आणि आता हा गुडगुड गुडगुड आवाज, घरात कुठेतरी आमटी रटरटत असावी तसा. मी थांबलो तेव्हा दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

माझी छाती फुगली, म्हणजे म्हणण्यापुरती. खरी ती फुगत नव्हतीच.

दर तासाला खेळ होऊ लागला. पाच मिनिटं. सात मिनिटं. मला मजा येऊ लागली. बुडबुड्यांचा तो सलग आवाज कानात भरला की मी पुन्हा दगडावर जायचो, पाणी कानांशी यायचं, खिडकीतलं ऊन पापणीवर पडायचं, आणि वाटायचं, आता याहून बरं काय व्हायचं राहिलंय? अनसा पायथ्याच्या बाकावर बसून माझ्याकडे बघायची. ती टाळ्या वाजवत नव्हती. मला वाटलं, दमली असेल.

चौथ्या दिवशी अंग कोमट झालं. पाचव्या दिवशी सकाळी ताप चढला, दोन वाक्यं बोलताना धाप लागू लागली. एक्स-रे काढला. मोठे डॉक्टर तो खिडकीशी धरून बघत राहिले.

“डावं फुप्फुस खाली मिटलंय. व्यायाम करताय ना?”

“करतायत म्हणजे!” कडोलकर मास्तर म्हणाले. “अख्ख्या वॉर्डात यांच्यासारखं कुणी करत नाही. सात मिनिटं एका दमात!”

मुजावर मॅडम गोंधळल्या. डॉक्टर म्हणाले, “संध्याकाळपर्यंत बघू. फरक पडला नाही तर पुन्हा आयसीयू, पुन्हा नळी. आणि मग सनईचं काही खात्रीनं सांगता येणार नाही.”

ते गेले. दुपारचे दोन वाजले असतील. पंखा फिरत होता, सगळा वॉर्ड जेवून डुलक्या घेत होता. तापाने मला सगळं लांबचं दिसत होतं, खाट नदीत सोडल्यासारखी. मी बाटलीकडे हात केला. अनसाने ती उचलली आणि आपल्या पदराखाली घेतली.

“दे.”

“न्हाई देत.”

“अगं, व्यायाम हाय त्यो.”

“त्यो व्यायाम न्हाई,” ती म्हणाली. “बुडबुडं थांबतच न्हाईत. मंग तुमी श्वास घेतासा कवा?”

मी बाटलीसाठी परत हात पुढे केला.

“मॅडमनी सांगितलं, श्वास घ्या, थांबा, सोडा, परत थांबा. तुमचं थांबणं कुठाय? तीन दिस मी कान दिऊन ऐकालेय. गालातनं वाजवालाय तुमी. छाती हलंना, पोट हलंना. लोकांस्नी टाळ्या वाजवाय काय जातंय!”

मला राग आला. ताप होता म्हणून नव्हे, ती खरं बोलत होती म्हणून. मला माहीत होतं का? होतं. पहिल्या दिवसापासून होतं. दुखू नये म्हणून मी चोरी करत होतो, आणि वर त्या चोरीचं कौतुक करून घेत होतो. पण तोंडातून निघालं ते असं, “सनईतलं तुला काय कळतंय? पिपाणी तरी धरलीस का कधी हातात?”

कडोलकर मास्तरांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. अनसाचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही.

“सनईतलं न्हाई कळत. तुमच्यातलं कळतंय.” तिने उशी माझ्या छातीशी दिली, माझे दोन्ही हात तिच्यावर दाबले आणि वरून स्वतःचे ठेवले. “घ्या श्वास. पोटापातुर. मी मोजते.”

“दुखतंय गं.”

“दुखू दे.”

मी घेतला. आतून काहीतरी करकरलं. ओरडलो. तिने “एक, दोन, तीन” मोजलं आणि नळी माझ्या ओठांत दिली. बुडबुडे निघाले, आठ-दहा, आणि संपले. पाणी स्थिर झालं. गाल आपोआप फुगू लागले तसं तिने दोन बोटांनी ते दाबले, लहान पोराचे दाबावेत तसे. “सूर तुटू दे,” ती म्हणाली. “इथं पालखी न्हाई.”

सात वर्षांच्या वयापासून ज्या शांततेला मी भीत आलो होतो, ती त्या बाटलीवर येऊन बसली. टोला कुणी मारला नाही. मी रडलो. दुखतं म्हणून, लाज वाटली म्हणून, आणि तापात माणूस रडतो तसाही. रडता रडता खोकला आला, खरा खोकला, उशी कुशीत घट्ट धरून, आणि छातीच्या तळाशी तीन दिवस साचलेलं काहीतरी सुटून वर आलं. अनसाने वाटी धरली.

“ह्यो खोकला,” ती म्हणाली.

मुजावर मॅडम चार वाजता आल्या तेव्हा अनसाने त्यांना सगळं सांगितलं. माझी बाजू सांभाळायचा प्रयत्नही केला नाही. मॅडम माझ्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, “माझंही चुकलं काका. मी बुडबुडे बघत राहिले, छातीवर हात ठेवून बघितलंच नाही.” त्यानंतर त्या दिवसातून तीनदा यायच्या, हात ठेवायच्या. बाकीच्या वेळी अनसा. दहा श्वास, मग वॉर्डाच्या दारापर्यंत चालणं, मग पेज, मग पुन्हा दहा. वॉर्डात आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. एक माणूस श्वास घेतो आणि थांबतो, यात बघण्यासारखं काय असणार?

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी आयसीयूत नेलं नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत डावीकडचा पांढुरका भाग उजव्यासारखा दिसू लागला होता, मिटलेलं पान उलगडावं तसा.

“वाजवाल,” मॅडम म्हणाल्या. “सहा महिन्यांनी, हळूहळू. पण आता मधे थांबून, भरपूर श्वास घेऊनच वाजवायचं. ते गालातनं मिनिटंमिनिटं लांबवणं बंद.”

त्या गेल्यावर मी बराच वेळ छताकडे बघत पडलो. वाजवाल, हा शब्द ऐकायला मी महिनाभर तडफडत होतो, आणि तो आला तो असा, अर्धा.

“काय झालं?” अनसाने विचारलं. ती बाकावर बसून मोसंबं सोलत होती. दुपार होती, ऊन तिच्या हातांवर होतं.

“नेम मोडणार,” मी म्हणालो. “तीन पिढ्या तुटला न्हाई त्यो सूर माझ्या हातनं तुटणार. पालखी मधेच मुकी चालणार. लोक काय म्हणतील?”

ती फोडी वाटीत ठेवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “एक सांगू? रागावणार न्हाईसा?”

“सांग.”

“लगीन होऊन आले त्या वर्सापासनं दर दसऱ्याला मी देवळात खांबाआड हुबी ऱ्हाते. सगळी म्हणत्यात, गुरवाचा सूर बघा, तुटतच न्हाई. मला सूर ऐकाय येत न्हाई. मला निस्तं एवढंच वाटत ऱ्हातंय, ह्या माणसाचा श्वास कुठं गेला? तोंड लाल, गळ्याच्या शिरा टरारलेल्या, आन् श्वासाचा आवाज न्हाई. पाच फेऱ्या हुईपातुर माझाबी आत यायचा न्हाई. घरला येऊन मी परसात जाऊन बसायची. तुमी म्हणायचासा, ही पालखीच्या दिवशी तोंड का फिरवती.”

मला ते आठवलं. तीस वर्षं मी त्याला तिचा मानीपणा समजत आलो होतो. माझं वाजवणं झालं की गावभरचे लोक पाया पडायचे, आणि बायको परसात पाठ करून बसलेली.

“मग कधी बोलली का न्हाईस?”

“तुमच्या नेमात मी तोंड घालू?” तिने नाक पदराला पुसलं. “त्या दिवशी बुडबुडं थांबलं न्हवं, आन् तुमी ओरडून श्वास घेटलासा, तवा पयल्यांदा ऐकला मी. एवढं बरं वाटलं. तुमी रडालता आन् मला बरं वाटत हुतं, पाप लागंल मला.”

ती मान खाली घालून उरलेल्या फोडीच्या बिया काढत बसली. मी उशी ओढून छातीशी घट्ट धरली. व्यायामाची वेळ झालेली नव्हती. पोट वर येईपर्यंत, फासळ्या ताणेपर्यंत, तारेला कळ लागेपर्यंत मी श्वास भरून घेतला, तीनपर्यंत धरला, आणि बाकावर बसलेल्या माझ्या बायकोला स्वच्छ ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सोडला.